रोग्याच्या वतीने

माझी बायको जेवत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सर्वांत आधी बांगडीवालीला कळली. ती घरात राहत नाही. वर्षातून दोनदा टोपली घेऊन येते, अर्धा तास बसते, जाते. जबलपूरच्या त्या घरात बारा महिने राहणारे आम्ही लोक: मी, माझी आई, बायको शरयू, आणि धाकट्या भावाची बायको कुंदा. भाऊ रेल्वेत असल्यामुळे इटारसीला राहतो आणि सणाला पाहुण्यासारखा येतो. आमची एकुलती मुलगी विनता आदल्या वर्षी लग्न होऊन वर्ध्याला गेली होती.

श्रावणाच्या तोंडावर बांगडीवालीनं शरयूचा हात हातात घेतला, नेहमीच्या मापाची बांगडी चढवली, आणि ती बांगडी कोपरापर्यंत गेली. बांगडीवाली घाबरून म्हणाली, "काए बहूजी, जे हाथ आपका है कि बिटिया का?"

आई माळ ओढता ओढता म्हणाली, "उपास करते माझी सून. तुमच्यासारखी दिवसभर चरत नाही."

हे खरं होतं. शरयूचे उपास आठवड्याच्या वारांपेक्षा जास्त होते. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवार आणि रविवार एकादशी-प्रदोषाच्या ताब्यात. शिवाय ते १९३३ साल होतं आणि त्या काळात देशभर उपासाला फार मान होता. लोक उपास करून सरकार हलवत होते. माझ्या बायकोनं काही हलवलं नाही, पण आमच्या सराफ्यामागच्या गल्लीत तिचं नाव झालं. शेजारच्या राधाबाई गुरुवारी येऊन तिच्या पाया पडू लागल्या. मी नागपूरला कायदा शिकून आलेला माणूस, पण बायकोच्या पाया पडायला लोक यायला लागले तर नवऱ्यानं नेमकं काय करायचं हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. मी बाजूला होऊन वाट देत असे.

बांगडीचं मात्र डोक्यात राहिलं. नेपियर टाऊनला एक नवे डॉक्टर आले होते, पुंडलिक देवतळे. मूळचे अमरावतीचे, कलकत्त्याला शिकलेले. दवाखाना मोठा, खुर्च्या नव्या, आणि रोगी कोणी नाही. कारण गावात असं पसरलं होतं की हा डॉक्टर औषध देत नाही, बोलायला लावतो. जबलपुरात बोलायला डॉक्टर लागतो ही कल्पनाच कोणाला पटेना. आई म्हणाली, "बोलून रोग बरे होत असते तर राधाबाईला आयुष्यात काही झालं नसतं."

तरी मी शरयूला टांग्यात घालून नेलं.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं आणि मवाळ आवाजात विचारलं, "जेवायचं ताट समोर आलं की काय वाटते तुम्हाला?"

"तिला काही वाटत नाही," मी म्हणालो.

"मी बाईंना विचारून राहिलो."

"हो, तेच सांगतो. तिला भूक नसते. उपास असतात. बाकी झोप ठीक. पोट साफ. वय चौतीस."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. शरयू खाली पदराच्या काठाकडे पाहत होती. आमच्याकडे बाईमाणसाला डॉक्टरकडे नेलं की लक्षणं पुरुष सांगतो, हे त्या गृहस्थाला माहीत नसेल असं नाही. पण कलकत्त्याला माणूस बरंच विसरतो. शेवटी ते म्हणाले, "वकीलसाहेब, याला औषध नाही. बाईंनी मंगळवारी आणि शुक्रवारी इथे यायचं, तासभर बोलायचं. एकट्यानं. मनात येईल ते."

घरी हा निकाल सांगितला तेव्हा आईची माळ थांबली.

"परक्या माणसाबरोबर? दार लावून? तासभर?"

"दार लावणार की नाही ते विचारलं नाही."

"आणि बोलणार काय ती? एकोणीस वर्षांत माझ्याशी तासभर बोलली नाही."

कुंदा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "भाऊजी, जाऊबाईंना विचारा ना जायचं का." पण आई आणि मी त्या वेळी अधिक महत्त्वाच्या गोष्टी बोलत होतो.

तोडगा मीच काढला, आणि तेव्हा मला तो फार चांगला वाटला. दवाखान्यातून मिक्श्चर आणायला रोग्यानं जावं लागत नाही. घरातला कोणीही बाटली घेऊन जातो, रोग्याचं कसं काय ते सांगतो, भरलेली बाटली घेऊन येतो. बोलणं हे जर औषध असेल तर तेही असंच आणता यायला हवं. न्यायालयात तरी अशील कुठं बोलतो? त्याचं सगळं बोलणं वकीलच करतो, आणि बहुतेक वेळा बरं करतो. मी शरयूला म्हणालो, "तू काळजी करू नको. तुझ्या वतीनं मी जातो."

ती म्हणाली, "बरं."

एकोणीस वर्षांत तिनं मला हेच उत्तर सर्वांत जास्त वेळा दिलं असेल.

डॉक्टर पहिल्यांदा नाहीच म्हणाले. मग त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, थोडा वेळ पेन्सिल दाताखाली धरली, आणि म्हणाले, "चलो, काहीच न होण्यापेक्षा बरं. मी प्रश्न देतो. तुम्ही बाईंकडून उत्तर आणा."

पहिला प्रश्न एका चिठ्ठीवर होता: काल दिवसभरात बाईंनी काय खाल्लं?

मला हसू आलं. इतका सोपा प्रश्न कोर्टात कोणी विचारला तर न्यायाधीश रागावतील. मी घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "जेवली की. माझ्यानंतर कुंदाबरोबर बसते." कुंदा म्हणाली, "मी आधी बसते भाऊजी, मला भूक आवरत नाही. जाऊबाई मागून जेवतात, तुमच्या ताटात." म्हणजे मी उठल्यावर माझ्याच उष्ट्या ताटात वाढून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी विचारलं, "तू पाहिलंस?" ती म्हणाली, "मी काहून पाहू? राधाबाई सांगतात ना, उपासाची भगर खातात म्हणून." राधाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "असं तुमच्या आईच बोलल्या."

मी ओट्यावर बसलो. वीस वर्षं वकिली केली. ऐकीव पुरावा मान्य नाही, हे वाक्य मी हजार वेळा उच्चारलं असेल. आणि माझी बायको जेवते ही गोष्ट गोल फिरून जिथून निघाली तिथेच येत होती. प्रत्यक्ष साक्षीदार एकही नाही. मी स्वतः आठवू लागलो. शरयू वाढताना आठवली, ताट उचलताना आठवली, शेगडीतला निखारा बाहेर ओढताना आठवली. जेवताना आठवली नाही. लग्नात तिनं मला घास दिला होता आणि मी तिला. तिनं तो गिळला होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हतो.

डॉक्टरांना मी उत्तर दिलं, "सांगता येत नाही."

"हे चांगलं उत्तर आहे," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. मला काही कळलं नाही.

पुढचा प्रश्न होता: लहानपणी घरात जेवताना काय बोलणं व्हायचं? शरयू म्हणाली, "आठवत नाही." आता रिकाम्या हातानं जाणं बरं दिसेना, म्हणून मी आमच्या घरचं सांगितलं. आमचे वडील जेवताना बोलू देत नसत. बोललं की ताटाखालचा पाट ओढून घेत. एकदा मला ठसका लागला तेव्हा त्यांनी तो बोलण्यात धरला. डॉक्टर भराभर लिहीत होते. "मग?" ते म्हणाले. मग मी आणखी सांगितलं. त्या दिवशी तास कधी संपला ते कळलं नाही.

असे दोन महिने गेले. मंगळवार आणि शुक्रवार मी कोर्टातून परस्पर नेपियर टाऊनला जात असे. हळूहळू चिठ्ठी खिशातच राहायला लागली. मी वडिलांबद्दल बोललो, हरलेल्या खटल्यांबद्दल बोललो, विनता सासरी जाताना मी पाहुण्यांच्या मानपानाच्या हिशेबात अडकून तिला नीट पाहिलंही नाही याबद्दल बोललो, आणि त्या दिवशी चक्क रडलो. परत येताना टांग्यातून सिव्हिल लाइन्सची झाडं मला फार हिरवी दिसली. माझं पित्त गेलं. भूक सपाटून लागू लागली. आई म्हणाली, "लागू पडलं बरं का औषध. तोंडावर तेज आलं तुझ्या."

आणि शरयू कमी कमी होत चालली. जिना चढताना ती मध्ये बसू लागली. केस विंचरले की फणीत गुंता राही. आश्विनातल्या उन्हातही तिला शाल लागे. मी प्रत्येक वेळी घरी येऊन तिला सांगत असे, "डॉक्टर म्हणतात, प्रगती आहे." ती वाती वळत ऐकून घेई.

"कोणाची?" तिनं एकदा विचारलं.

मी म्हणालो, "म्हणजे, एकूणच."

ललितापंचमीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. त्या दुपारी कोर्टातून लवकर सुटलो. गल्लीच्या तोंडाशीच घंटा ऐकू आली. घरात शिरलो तर बैठकीत पंधरा-वीस बाया उभ्या, मध्ये शरयू भिंतीला टेकून कलंडलेली, मान एका बाजूला, डोळे अर्धे उघडे. राधाबाई तिच्यापुढे आरती ओवाळत होत्या. आई हात जोडून उभी होती. एक बाई तिच्या ओटीत नारळ ठेवत होती.

"अंगात आली हो देवी!" राधाबाई मला म्हणाल्या. "मी पायावर डोकं ठेवलं आणि आलीच. चपला काढा आधी!"

मी चपला काढल्या. हे लिहायला बरं वाटत नाही, पण काढल्या, आणि हातही जोडले. सगळ्या उभ्या होत्या, घंटा वाजत होती, कापराचा धूर होता; मला खरंच वाटलं की असेल. बायको देवी झाली की बेशुद्ध झाली, यातला फरक दिसण्यावरून कसा करायचा हे मला माहीत नव्हतं.

कुंदा स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली आणि आयुष्यात पहिल्यांदा सासूसमोर ओरडली. "देवी-बिवी काही नाही! बाई मरून राहिली ती! सरका!"

घंटा थांबली. मी अनवाणीच डॉक्टरांकडे धावलो.

देवतळे आले. नाडी पाहिली, चमच्यानं थोडं थोडं साखर-मिठाचं पाणी दिलं, बराच वेळ मनगट सोडलं नाही. मग मला अंगणात घेऊन गेले.

"हृदय थकलं आहे," ते म्हणाले. "असंच चाललं तर दिवाळीपर्यंतसुद्धा सांगता येत नाही."

"पण दोन महिने उपचार चालू आहेत ना!"

"तुमच्यावर." त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "तुमची तब्येत बघा ना, किती सुधारली. मला दुसरा रोगी नव्हता, वकीलसाहेब. तुम्ही येत होता, चांगलं बोलत होता. मला वाटलं, नवरा मोकळा झाला तर बाईलाही मोकळं होता येईल. चुकलं माझं. खऱ्या रोग्याचा आवाजसुद्धा मी अजून ऐकला नाही."

मला राग यायला हवा होता. पण कोणावर, ते ठरेना. दोन महिने मी ज्याच्या वतीनं हजर राहिलो त्यानं मला वकीलपत्रच दिलं नव्हतं, हा मुद्दा समोरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला काढला असता.

आत गेलो. शरयू गादीवर पडून छताकडे पाहत होती. मी विचारलं, "तू काहून जेवत नाहीस?"

एवढं सरळ मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "ज्या दिवशी काही खात नाही त्या दिवशी वाटते, मी जिंकली. कोणाशी लढाई होती ते काही कळत नाही. आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंकावं लागते."

"देवासाठी करतेस ना?"

"आधी देवाचं होतं. मग देव राहिला बाजूला." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही तिथं माझ्या वतीनं काय काय बोललात ते सांगा बरं."

मी सांगितलं. पाट ओढणारे वडील, ठसका, हरलेले खटले. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"अहो, यात मी कुठंच नाही."

"विनता आहे," मी म्हणालो.

विनताचं नाव काढल्यावर तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "माझं मी बोलते. मला न्या."

आईशी तडजोड व्हायला दोन दिवस लागले. ठरलं असं की दार उघडं राहील. आई समोरच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसेल, जिथून दिसेल पण ऐकू येणार नाही. आई म्हणाली, "ऐकायचंच नाही तर बसायचं कशाला?" पण बसली. तीन वेळा बसली. चौथ्या वेळी म्हणाली की बाक टोचतो आणि तिथं काही घडतही नाही, आणि यायची थांबली.

मग बाकावर मी. दिसत होतं ते एवढंच: शरयू खुर्चीत, डॉक्टर समोर, आणि बराच वेळ कोणाचेच ओठ हलत नाहीत. मग एकदम तिचा हात हवेत जाऊन काहीतरी ढकलल्यासारखा करी. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोललीस?"

"ते तुम्हाला सांगायचं नाही, असं ठरलं आहे."

"कोणी ठरवलं?"

"मी."

डॉक्टरांनी मला तीन गोष्टींची बंदी केली: तिच्या ताटाकडे पाहायचं नाही, जेवलीस का विचारायचं नाही, जेवली तर शाबास म्हणायचं नाही. वकिलाला पाहायची, विचारायची आणि वाखाणायची मनाई केल्यावर उरतं काय? चौथी गोष्ट म्हणजे, तिचं ताट वेगळं असेल आणि सगळ्यांबरोबर मांडलं जाईल. माझ्या उष्ट्या ताटात नाही. आई म्हणाली, "हे कुठल्या शास्त्रात?" मी म्हणालो, "कलकत्त्याच्या." कलकत्त्याला कोणी गेलेलं नसल्यामुळे ते चाललं.

ते चाललं म्हणजे सगळं सुरळीत झालं, असं कोणी समजू नये. पहिल्या दिवशी शरयू ताटासमोर बसली आणि रडली. दुसऱ्या दिवशी वरणभाताचे चार घास गेले असावेत. मी भिंतीवरच्या पालीकडे पाहत होतो, त्यामुळे साक्ष देता येत नाही. एकदा कुंदाला मागच्या खिडकीखाली भाकरीचे तुकडे सापडले. राधाबाईंनी पाया पडणं बंद केलं आणि गल्लीत सांगितलं, वकिलाच्या बायकोचं व्रत भंगलं. त्या दिवशी शरयूनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी डॉक्टरांना विचारलं, "वाचेल ना?" ते म्हणाले, "माहीत नाही. पण बोलून राहिली. तुमच्यापेक्षा कमी बोलते, पण स्वतःचं बोलते." हे उत्तर घेऊन मी घरी आलो आणि ते कुठे ठेवावं ते मला कळेना.

दिवाळी आली आणि गेली. ती होती.

कार्तिकातल्या एका शुक्रवारी परत येताना आमचा टांगा सराफ्यात अडकला. समोर बैलगाडीचं चाक निखळलं होतं. बाजूला हलवायाची कढई चालू होती आणि तो खव्याच्या काळपट जिलब्या पाकातून काढत होता. शरयू तिकडे पाहत होती. मी ताबडतोब दुसरीकडे पाहू लागलो, बंदीप्रमाणे.

"एक घ्याल?" ती म्हणाली.

"मला?"

"मला."

मी उतरलो आणि द्रोणात एक जिलबी आणून तिच्या हातात दिली. दिल्यावर भान आलं. गेल्या महिन्यापर्यंत जी माझ्यासमोरही जेवत नव्हती ती बाई भर सराफ्यात, उघड्या टांग्यात बसून खाणार? दोन्हीकडे सोनारांची दुकानं, त्यातले निम्मे माझे अशील. घरी नेऊन खा म्हणावं तर घरापर्यंत ही वेळ टिकेल याची खात्री नाही. काही न म्हणावं तर उद्या गल्ली बोलेल. बंदी तीनच गोष्टींची होती; यावर डॉक्टर काही बोलले नव्हते.

मी छत्री उघडली. टांग्याला पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून, छत्री खांद्यावरून मागे तिरपी धरून उभा राहिलो. आभाळ स्वच्छ निळं होतं. टांगेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि घोड्याशी काहीतरी बोलला.

शालिग्राम सोनार दुकानातून उतरून आले. "काय वकीलसाहेब, पाऊस?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"अच्छा." तेही जरा वेळ वर बघत उभे राहिले. मग गेले.

बैलगाडी हलली. रस्ता मोकळा झाला. "चलें, साब?" टांगेवाल्यानं विचारलं. मागे काय चाललं होतं ते मला कळत नव्हतं. खाते आहे, की नुसती द्रोण धरून बसली आहे, की हळूच खाली टाकून दिली? वळून पाहायची इतकी इच्छा मला कोणत्याच निकालाच्या वेळी झाली नव्हती. मानेची शीर दुखायला लागली.

"शरयू," मी रस्त्याकडे पाहत म्हणालो, "निघायचं का?"

मग तोंडात काहीतरी असताना येतो तसा, अडखळता आवाज आला.

"थांबा. अजून अर्धी आहे."

मी टांगेवाल्याला थांबायला सांगितलं आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.